जर्मनचा पेला

आमच्या वसईच्या जुन्या घरात, ओटीवरच्या पाण्याच्या माठाशेजारी भिंतीत एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला नेहमी उपडा घातलेला असे. घरातले बाकीचे पेले पितळेचे होते. ते चिंचेने घासले जात, दिवाणखान्याच्या फळीवर रांगेने मांडले जात. हा एकटाच जर्मनचा होता आणि तो कधीच त्या रांगेत आला नाही. तो आमच्या आत्याचा पेला. त्यातून दुसऱ्या कोणी पाणी प्यायचे नाही आणि आत्याने दुसऱ्या कोणत्याही पेल्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. तो नियम कोणी केला हे मला ठाऊक नाही. मी जाणता झालो तेव्हा तो पाळला जात होता, आणि घरात जी गोष्ट आपल्या जन्माआधीपासून चालत आलेली असते तिचे कारण लहान मुले विचारीत नाहीत.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. तिच्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत, तांबूस तपकिरी रंगाचा एक डाग होता. डागाची कड किंचित उचललेली, नागमोडी आणि खरखरीत. मधला भाग मात्र पांढुरका, पातळ आणि सुरकुतलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तो दुखत नसे, खाजत नसे. वर्षाकाठी एखाद्या ज्वारीच्या दाण्याइतका तो पुढे सरके. त्याच्या या संथपणामुळेच तो कोणाच्या ध्यानात येत नसे, आणि जेव्हा येई तेव्हा गालाचा आणखी एक हिस्सा त्याने घेतलेला असे.

तिच्या डागाची हकिकत मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. आत्या दहाएक वर्षांची असताना तिच्या मानेला गाठी आल्या होत्या. गावात त्याला गंडमाळ म्हणत. त्यांतली एक गाठ फुटली, कित्येक महिने वाहिली आणि लेपांनी म्हणा की आपोआप म्हणा, सुकली. मानेवर तिचा आवळलेला वण राहिला. पुढे १९५२ साली, तिच्या सोळाव्या वर्षी, कानाखाली मसुराएवढी एक मऊ पुटकुळी उठली. ती तारुण्यपिटिका असेल असे सर्वांना वाटले. चार वर्षांनी तिचे लग्न ठरले तेव्हा पुटकुळीचा रुपयाएवढा डाग झाला होता. वराकडची मंडळी एकदा येऊन बघून गेली, दुसऱ्यांदा आली नाहीत. त्यांनी कारण सांगितले नाही; पण पाठोपाठ गावात तो शब्द आला. मोठ्याने कोणी तो उच्चारला नाही. विहिरीवर, बावखलाच्या काठी, चर्च सुटल्यावर आवारातल्या झाडाखाली तो दबल्या आवाजात बोलला गेला: रक्तपिती.

त्यानंतर आत्या आमच्याच घरी राहिली. वाडीतले पाटाचे पाणी वळवणे, वांगी तोडणे, पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडणे ही सारी कामे ती करी. तिने खुडलेल्या कळ्या दादरच्या बाजारात जात, त्यांची मात्र कोणाला भीती वाटत नसे. चर्चमध्ये ती अगदी शेवटच्या बाकावर, डाव्या भिंतीला लागून बसे. तीच जागा का, हे मला फार उशिरा उमगले. तिथे बसले की डावा गाल भिंतीकडे राही.

आठ-नऊ वर्षांचा असताना मी एकदा उन्हातून धावत आलो आणि हाताला लागला तो जर्मनचा पेला घेऊन घटाघटा पाणी प्यालो. आईने मला एक चपराक मारली आणि विहिरीवर नेऊन चुळा भरायला लावल्या. आत्या ओटीच्या पायरीवर बसून भाजी निवडीत होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पेल्याच्या काठाला तिने लाल दोरा बांधला, पोरांना ओळखू यावा म्हणून. तेव्हा मला तिचा राग आला होता. आपल्याला मार बसला तो तिच्यामुळे, असे माझे बालबुद्धीचे गणित होते.

शिक्षण संपवून १९७६ साली मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागलो. माझी नेमणूक ऊतींची तपासणी करणाऱ्या विभागात झाली. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीतून येई. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यातले पाणी काढायचे, झायलीनमधून न्यायचा, वितळलेल्या मेणात बसवायचा, आणि मेणाची वडी गार झाली की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तिचे मिलिमीटरचा दोनशेवा भाग भरेल इतके पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचा आणि रंगवायचा. हेमाटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. हे काम मी पस्तीस वर्षे केले. लोकांना ते कंटाळवाणे वाटते. मला कधी वाटले नाही, कारण प्रत्येक वडीच्या मागे निकालाची वाट पाहणारे एक माणूस आहे हे सकाळच्या गाडीत उभा असतानाही माझ्या मनातून जात नसे.

आमच्या विभागप्रमुख एक वयस्क डॉक्टर बाई होत्या. त्या शिस्तीच्या होत्या. पण तंत्रज्ञांनाही सूक्ष्मदर्शकाशी बसवून दाखवीत. 'जो काप तुम्ही काढता तो काय सांगतो हे तुम्हाला कळले, तर तुम्ही तो जास्त चांगला काढाल,' असे त्यांचे म्हणणे. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांनी मला एक काप दाखवला. चाळिशीच्या एका गिरणी कामगाराच्या मांडीवरच्या डागाचा तो तुकडा होता. बाई म्हणाल्या, 'हा त्वचेचा क्षय आहे. लुपस व्हल्गारिस. लॅटिनमध्ये लुपस म्हणजे लांडगा. चेहरा कुरतडल्यासारखा करतो म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिले.' मग त्यांनी त्या डागाचे वर्णन केले. हळूहळू, वर्षानुवर्षे वाढणारा. एका बाजूने पसरतो आणि मागे मधोमध वण ठेवीत जातो. वणातही पुन्हा नव्या पुटकुळ्या उठतात. काचपट्टी डागावर दाबून रक्ताचा लालपणा घालवला की खाली पिवळसर तपकिरी, अर्धपारदर्शक ठिपके दिसतात. पुस्तकांत त्यांना सफरचंदाच्या जेलीचा रंग म्हणतात.

बाई बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे तो मांडीवरचा डाग नव्हताच. मला कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत गेलेली नागमोडी कड दिसत होती. पाच वर्षे मी या विभागात काम करीत होतो आणि रोज रात्री त्या डागासमोर बसून जेवत होतो. मला एकदाही तो डाग तपासावा असे वाटले नव्हते. घरातल्या माणसाचे दुखणे एकदा 'ठरलेले' झाले की आपण त्याच्याकडे बघणे सोडून देतो, हे त्या दिवशी मला कळले.

आत्या सहजासहजी तयार झाली नाही. 'आता पंचेचाळिशीत माझा गाल बघून कोणाला काय करायचे आहे?' असे म्हणाली. शेवटी बाबांनी सांगितले म्हणून आली. विरारच्या गाडीत बायकांच्या डब्यात न बसता माझ्याबरोबर पुरुषांच्या डब्यात, खिडकीशी, डावा गाल बाहेरच्या बाजूला करून बसली.

त्वचारोग विभागातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर कापसाची एक बारीक वात वळली. आत्याला डोळे मिटायला सांगितले आणि त्या वातीने डागाला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श केला. 'मावशी, जिथे लागेल तिथे बोट ठेवा.' आत्याने प्रत्येक वेळी नेमक्या जागी बोट ठेवले. मग गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावून झाल्या. तेही तिला बरोबर कळले. डॉक्टर म्हणाले, 'इथे तुम्हाला सगळे समजते तर! हे पूर्वी कोणी तपासले नव्हते?' आत्या म्हणाली, 'साहेब, पूर्वी कोणी हातच लावला नव्हता.'

कुष्ठाच्या जंतूंचे ठाणे मज्जातंतूंत असते, म्हणून कुष्ठाच्या डागावरची जाणीव सहसा बोथटते. चेहऱ्याला मज्जातंतूंचा पुरवठा इतका दाट असतो की तिथल्या कुष्ठाच्या डागावर ती कधी कधी शाबूतही राहते. म्हणून केवळ कापसावर निकाल देता येत नाही, तुकडा तपासावा लागतो. पण कापसाची वात एकोणतीस वर्षांत कोणी आत्याच्या गालाला लावली असती, तर निदान शंका तरी उपस्थित झाली असती. त्या वातीला पैसे पडत नाहीत.

डागाच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा काढण्यात आला. ती बाटली आमच्या विभागात आली आणि तिचे सोपस्कार मी केले. वडी मायक्रोटोमवर चढवताना माझा हात थरथरला. पहिले दोन काप फाटले. तिसरा नीट उतरला. बाईंनी तो पाहिला, उठल्या आणि मला आपल्या खुर्चीत बसवले.

काय दिसले ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगतो. वरची बाह्यत्वचा पातळ झालेली होती. तिच्या खाली, आतल्या त्वचेत, पेशींचे गोल गोल पुंजके होते. क्षयाचा जंतू शरीराला सहजी मारता येत नाही, तेव्हा शरीर त्याला वेढा घालते. त्या वेढ्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. वेढ्याच्या मध्यभागी फिकट, लांबट केंद्रकाच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या एपिथेलॉइड पेशी असतात. काही पेशी एकत्र होऊन एकच महाकाय पेशी बनते आणि तिची अनेक केंद्रके कडेने घोड्याच्या नालासारखी मांडली जातात. थिओडोर लांगहान्स या शास्त्रज्ञाने १८६८ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. या साऱ्यांभोवती लिम्फोसाइट या लहान निळ्या पेशींचे कडे असते. फुप्फुसाच्या क्षयात पुंजक्याचा मध्य मरून चक्क्यासारखा होतो. लुपस व्हल्गारिसमध्ये हा मृत भाग अगदी थोडा असतो किंवा नसतोच. आत्याच्या कापातही एका पुंजक्यात तो जेमतेम होता. आणि बारीक मज्जातंतू त्या पुंजक्यांच्या शेजारून धडधाकट गेलेले होते. बाईंनी ते मला बोटाने दाखवले. 'हे बघ. ज्यांच्यावर आळ होता ते इथे नाहीत.'

जंतू स्वतः दिसला नाही. क्षयाचा जंतू लाल रंग एकदा धरला की आम्लानेही सोडत नाही, या गुणावर त्याची ओळख पटवतात. पण लुपस व्हल्गारिसमध्ये शरीराचा प्रतिकार चांगला असतो आणि जंतू फार थोडे असतात, त्यामुळे दहा काप धुंडाळले तरी एखादा सापडेल न सापडेल. तुकडा अंड्याच्या बलकयुक्त माध्यमावर रुजवून ठेवला. सहा ते आठ आठवडे वाट पाहावी लागते. तोवर बाहूवरची मांटूची चाचणी ठळकपणे उमटली होती, मानेवर जुन्या गंडमाळेचा वण होताच. सगळ्यांचा मेळ घालून निदान झाले. त्वचेच्या क्षयात असा मेळच घालावा लागतो. एका पुराव्यावर निकाल देता येत नाही, कारण असेच पुंजके कुष्ठात, काही बुरशीजन्य रोगांत आणि सार्कॉइड नावाच्या रोगातही दिसतात.

ती गंडमाळ आणि तो डाग ही एकाच रोगाची दोन रूपे होती. मानेतल्या गाठीत किंवा हाडात असलेला क्षय वरच्या त्वचेत फुटला की जांभळट, आतून पोखरलेल्या कडांची वाहती जखम होते; तिच्या तळाशी मृत ऊती आणि पू असतो, आणि कडेला ते पुंजके. तिथून जंतू लसिकावाहिन्यांवाटे शेजारच्या त्वचेत जातो आणि तिथे लुपसचा डाग उठतो. तिसरे रूप चामखिळीसारखे. बाहेरून जंतू खरचटलेल्या त्वचेत शिरला आणि शरीराला त्याची पूर्वओळख असली, म्हणजे टाच, गुडघा, हाताचे बोट अशा जागी एक जाड, खडबडीत चकती तयार होते. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांवर ती आढळते. स्टेथोस्कोपचा शोध लावणारा फ्रेंच डॉक्टर लेनेक याला क्षयाने किडलेले मणके करवतीने कापताना बोटाला जखम झाली आणि तिथे अशीच गाठ उठली. ते त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. १८२६ साली तो क्षयानेच गेला. याखेरीज प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांत अंगभर उठणाऱ्या पुटकुळ्या, किंवा शरीरात दुसरीकडे दडलेल्या क्षयाला त्वचेने दिलेली केवळ प्रतिक्रिया म्हणून पोटऱ्यांवर उठणाऱ्या कठीण गाठी, अशीही रूपे आहेत. फुप्फुसाबाहेरच्या क्षयातही त्वचेचा वाटा शेकडा एक-दोन इतकाच मानतात. तो इतका क्वचित आढळतो म्हणूनच चुकतो.

पुढे मी या रोगाचा इतिहास मिळेल तिथून वाचीत गेलो. युरोपात गंडमाळेला राजाचा आजार म्हणत. इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांच्या नुसत्या स्पर्शाने ती बरी होते अशी समजूत कित्येक शतके होती आणि हजारो माणसे रांगा लावीत. १७१२ साली इंग्लंडच्या अ‍ॅन राणीने एका लहान मुलाला असा स्पर्श केला. तोच पुढे कोशकार झालेला सॅम्युएल जॉन्सन. राणीच्या स्पर्शाने तो बरा झाला नाही, मानेवरचे वण त्याने जन्मभर वागवले. पण त्या प्रसंगी गळ्यात घातलेले सोन्याचे नाणे त्याने अखेरपर्यंत काढले नाही, असे सांगतात. फ्रान्समध्ये १८२५ साली दहाव्या चार्ल्सने आपल्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने रुग्णांना असा स्पर्श केला, तो तिथला शेवटचा. हे वाचून मी हसलो नाही. राजांच्या हातात औषध नव्हते हे खरे, पण ते हात लावीत होते. आमच्या घरात तेवढेही घडले नव्हते.

मग रोबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सन या स्वतः आजारी असलेल्या डॉक्टरने विजेच्या प्रखर दिव्याचे किरण लुपसच्या डागांवर पाडून ते बरे करण्याची पद्धत काढली. ज्यांना तोंड लपवून जगावे लागे अशी माणसे त्याच्या संस्थेतून उघड्या चेहऱ्याने बाहेर पडली. १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्यानंतर औषधे आली: स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ साली आयसोनियाझिड. हे साल वाचताना मी पुस्तक मिटले. आत्याच्या कानाखाली पुटकुळी उठली ते हेच साल. रोग आणि त्याचे औषध एकाच वर्षी जगात उभे होते. दोघांमध्ये एकोणतीस वर्षे गेली, ती एका दबक्या शब्दामुळे.

आत्याचे उपचार त्या काळच्या पद्धतीने झाले. पहिले दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन, सोबत आयसोनियाझिड आणि थायासेटाझोनच्या गोळ्या. नंतर या गोळ्या दीड वर्ष पुरी होईपर्यंत. तिने एकही गोळी चुकवली नाही. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस डागाची कड बसू लागली. सहाव्या महिन्यात तांबूसपणा गेला. शेवटी राहिला तो पांढुरका, आवळलेला वण. तो जाणारा नव्हता. अशा जुन्या वणात फार वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून डॉक्टरांनी दर वर्षी दाखवून जायला सांगितले होते. तेही तिने नेमाने केले.

निदान झाले त्या दिवसाची एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

अहवालाचा कागद खिशात घालून मी संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. मला फार आनंद झाला होता. ओटीवर सगळे बसले होते. मी उभ्यानेच सांगितले, 'आत्या, तुला तो रोग नाही. कधीच नव्हता. हा साधा क्षय आहे, औषधाने जाईल. आणि तो या डागापासून कोणाला लागतही नाही.' आई रडू लागली. बाबा उठून वाडीत गेले. मी कोनाड्यातला तो जर्मनचा पेला उचलला आणि अंगणात भिरकावून देणार, तोच आत्याने माझा हात धरला.

'थांब, बाळा,' ती म्हणाली. 'एक विचारू? कागदावर तो रोग आहे असे आले असते, तर हा पेला तू परत कोनाड्यात ठेवला असतास का?'

मला उत्तर देता आले नाही. तिने ते मागितलेही नाही. पेला माझ्या हातातून घेतला, माठातले पाणी भरले आणि प्याली. मग तो उपडा न घालता पितळी पेल्यांच्या रांगेत शेवटी ठेवला.

त्या प्रश्नाला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. मी जी सुटका घेऊन घरी आलो होतो तीच मुळात खोटी होती, हे हळूहळू माझ्या लक्षात आले. 'तो रोग नाही' असे म्हणण्यात मी आत्याला सोडवत होतो आणि ज्यांना तो रोग होता त्यांच्यासाठी कोनाडा तसाच राखून ठेवत होतो. कुष्ठरोगही जंतूचाच, क्षयजंतूच्या गोत्रातलाच तो जंतू. तोही हस्तांदोलनाने किंवा पेल्याने पसरत नाही, आणि १९८२ पासून वापरात आलेल्या बहुविध औषधांनी तो पुरता बरा होतो. आत्याला कुष्ठ असते तरीही त्या पेल्याला काही कारण नव्हते. आमची चूक निदानाची नव्हती. निदान करणे आमच्या हाती नव्हते. हात लावणे आमच्या हाती होते.

आज परिस्थिती खूप बदलली आहे. त्वचेच्या क्षयालाही फुप्फुसाच्या क्षयाचीच औषधे लागतात: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. रुग्णाच्या वजनाप्रमाणे ती रोज घ्यायची असतात आणि सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नये, ते एका औषधाच्या रंगामुळे होते. नजर अंधुक वाटली किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र तत्काळ डॉक्टरांना सांगावे. बरे वाटू लागले म्हणून मध्येच औषध सोडणे हे रोगाला शस्त्र पुरवण्यासारखे आहे.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. घरात कोणाच्या अंगावर महिनोन्‌महिने न जाणारा, हळूहळू पसरणारा, मध्ये वण टाकीत जाणारा डाग असेल, मानेला गाठ येऊन वाहत असेल, टाचेवरची किंवा गुडघ्यावरची चामखीळ वाढतच असेल, तर औषधाच्या दुकानातून मलम आणून लावीत बसू नये. त्यांतल्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने डाग चार दिवस फिका दिसतो आणि आत रोग पसरतो. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, त्यांनी सांगितले तर तुकडा काढू द्यावा. छातीचा फोटो काढावा, कारण त्वचेच्या डागामागे कधी फुप्फुसातला क्षयही दडलेला असतो. आणि तसा असेल तर घरातल्या सर्वांनी, विशेषतः मुलांनी तपासून घ्यावे. हे सारे करीत असताना त्या माणसाला आपल्या पंगतीत बसवावे. त्यासाठी अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही.

आत्या २००९ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, वार्धक्याने गेली. निदानानंतरची अठ्ठावीस वर्षे ती चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसली, असे लिहायला मला आवडले असते. पण ते खरे नाही. ती अखेरपर्यंत त्याच शेवटच्या बाकावर, त्याच भिंतीशी बसली. एकोणतीस वर्षांची सवय दीड वर्षाच्या औषधाने जात नाही. फरक एवढाच पडला की माझी मुले तिच्या मांडीवर वाढली, आणि प्रार्थनेच्या वेळी तिच्या डाव्या बाजूला, भिंत आणि ती यांच्यामधल्या अरुंद जागेत, माझी धाकटी मुलगी हट्टाने जाऊन बसू लागली. झोप आली की ती त्या वणावर गाल टेकून झोपे.

जुने घर पाडले तेव्हा पितळेचे पेले भावंडांत वाटले गेले. जर्मनचा मी मागून घेतला. त्याच्या काठाला पोचा आला आहे. लाल दोरा केव्हाच गळून पडला. आमच्या घरी त्याने तांदूळ मोजतात. कोणी पाहुणा आला आणि हाताला तोच लागला, तर त्यातूनच पाणी देतात.